१९ फेब्रुवारी ‘शास्त्रीय’ कशी?

माघ सरत आला की मावळात शिवजयंतीची तयारी सुरू होते, आणि ती दोनदा होते. लोहगडावर पेटवलेली ज्योत घेऊन मळवलीच्या अंगानं उतरणारी पोरं १९ फेब्रुवारीला पळतात आणि फाल्गुन वद्य तृतीयेला पुन्हा पळतात. दोनदा पळण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. महाराजांच्या नावानं पोरांचे पाय वर्षातून दोनदा मोकळे झाले तर कुणाचं काय बिघडलं? तक्रार आहे ती ज्योत गावात पोचल्यावर होणाऱ्या भाषणांची. तारीखवाले सांगतात की तिथी हा जुना गोंधळ, १९ फेब्रुवारी ही ‘शास्त्रीय’ जयंती. तिथीवाले सांगतात की तारीख इंग्रजांची, खरा दिवस आभाळात लिहिलेला असतो आणि तो तिथीलाच कळतो. हल्ली तिसराही सूर लागतो, आणि तो बहुतेक वेळा शिकलेल्या माणसाचा असतो : अहर्गण, ज्युलियन दिवस वगैरे सलग मोजण्या ही खगोलवाल्यांची खेळणी, इतिहासाला आणि सामान्य माणसाला त्यांचं काय?

हे तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि तिसरा सगळ्यांत जास्त चुकीचा आहे. तो चुकीचा आहे म्हणूनच पहिले दोन इतकी वर्षं टिकले.

तारीखवाल्यांपासून सुरुवात करू. खिशातला मोबाइल काढा आणि त्यातलं कॅलेंडर मागं मागं नेत १६३० च्या फेब्रुवारीवर आणा. ते इतकं मागं जात नसेल तर वार काढून देणारं कुठलंही ॲप घ्या. १९ फेब्रुवारी १६३० ला वार दिसेल मंगळवार. आता जेधे शकावली पाहा. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेध्यांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीला आणली आणि शिवजन्माच्या वादाचं पारडं तिथून फिरलं. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, नक्षत्र हस्त आणि वार शुक्रवार दिला आहे. मोबाइल मंगळवार म्हणतो, शकावली शुक्रवार म्हणते. मग शकावली खोटी? अशी शंका काढणारे महाभाग भेटतात. मोबाइलही खोटा नाही आणि शकावलीही खोटी नाही. त्याच मोबाइलवर १ मार्च १६३० पाहा : शुक्रवार.

१५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं युरोपचं कॅलेंडर दुरुस्त केलं. ज्युलियस सीझरच्या वेळेपासूनचं वर्ष किंचित लांब होतं आणि शतकांमागून शतकं वसंतसंपात मागं सरकत होता. दहा तारखा गाळल्या गेल्या : गुरुवार ४ ऑक्टोबर, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेन-पोर्तुगालनं हे लगेच मानलं. इंग्लंडनं पोपचं ऐकायचं नाही म्हणून १७५२ पर्यंत मानलं नाही. म्हणजे शिवकाळात मुंबई-सुरतेचा इंग्रज आणि वसई-चौलचा पोर्तुगीज यांच्या कागदांत एकाच दिवशी दहा दिवसांचा फरक असे. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आज भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर ग्रेगरीचं. जुन्या कॅलेंडरातलं नाव उचलून नव्या कॅलेंडरातल्या त्याच नावाच्या चौकोनावर चिकटवणं, एवढंच आपण केलं आहे. याला सोय म्हणा, रूढी म्हणा, सरकारी निर्णय म्हणा. शास्त्रीय म्हणू नका.

गंमत अजून पुढं आहे. इंग्रजांचं वर्ष त्या काळात १ जानेवारीला बदलत नसे, २५ मार्चला बदले. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजानं त्या शुक्रवारी पत्र लिहिलं असेल तर वर तारीख घातली असेल १९ फेब्रुवारी १६२९. चौलच्या पोर्तुगिजानं घातली असेल १ मार्च १६३०. निजामशाही दफ्तरातल्या कारकुनानं सुहूर सन १०३० लिहिलं असेल आणि महिना हिजरीचा, रजब. शिवनेरीवरच्या जोशीबुवांनी शके १५५१, संवत्सर शुक्ल की प्रमोद असल्या वादात न पडता सरळ फाल्गुन वद्य तृतीया टिपली असेल. ‘१९ फेब्रुवारी १६३०’ ही जोडी मात्र सह्याद्रीच्या आसपास त्या दिवशी कुणाच्याही लेखणीतून उतरली नसेल. महिना आणि दिवस इंग्रजांच्या जुन्या पद्धतीचे, वर्ष मागाहून दुरुस्त केलेलं. तारीखवाले जिला अस्सल म्हणतात ती अशी जोडकामाची आहे.

इतिहासकारांना दोष देण्याचा हेतू नाही. सतराव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्याच्या टेबलावर इंग्रज वखारींच्या पत्रांचे गठ्ठे असतात आणि ते सगळे जुन्या पद्धतीत असतात. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता, त्याच्या नोंदीतला ६ जून १६७४ हा जुनाच ६ जून. आजच्या पद्धतीनं तो १६ जून. एकाच पुस्तकात एकच पद्धत राहावी म्हणून अभ्यासकांनी शके-तिथींचं रूपांतरही जुन्या पद्धतीत केलं. टेबलावर हा शहाणपणाच होता. गोंधळ झाला तो तारीख टेबलावरून उठून भिंतीवर गेली तेव्हा. शंभूराजांच्या बलिदानाचा ११ मार्च १६८९ हाही तसाच : फाल्गुन अमावास्या, आजच्या पद्धतीनं २१ मार्च. वढू-तुळापूरला ११ मार्चला जाणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलं आहे?

दुसऱ्या देशांनी काय केलं? जॉर्ज वॉशिंग्टन जुन्या पद्धतीनं ११ फेब्रुवारीला जन्मला. अमेरिकेनं त्याचा वाढदिवस २२ फेब्रुवारी ठरवला. रशियात क्रांती जुन्या ऑक्टोबरात झाली. सोव्हिएत सरकार ‘ऑक्टोबर क्रांती’चा दिन दर वर्षी ७ नोव्हेंबरला साजरा करत राहिलं, नावातला ऑक्टोबर तसाच ठेवून. त्यांना लाज वाटली नाही. आपल्याकडे मात्र १ मार्चचं नाव काढलं की तारीखवाल्यांना वाटतं तिथीवाला आला आणि तिथीवाल्यांना वाटतं तारीखवाला आला. बरं, केंद्र सरकारचं स्वतःचं राष्ट्रीय पंचांग आहे. मेघनाद साहांच्या समितीनं ते तयार केलं, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर त्या समितीवर होते, आणि २२ मार्च १९५७ ला, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रला, ते लागू झालं. त्या पंचांगात १९ फेब्रुवारीला ३० माघ असतो. फाल्गुन दुसऱ्या दिवशी लागतो.

आता तिथीवाल्यांकडे वळू. त्यांचा दावा जास्त देखणा आहे, म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी.

तिथी आभाळात असते हे खरं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं सरकला की एक तिथी झाली, यात कुणा पोपचा किंवा सरकारचा हात नाही. पण आभाळातली तिथी कधी वीस तासांच्या आसपास संपते, कधी सव्वीस तासांच्या वर जाते, आणि तिला सूर्योदयाचं काही देणंघेणं नसतं. माणसाला दिवस लागतो. म्हणून सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा नियम माणसानं केला. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते, ती वृद्धी. एखादी कुठल्याच सूर्योदयाला नसते, तिचा क्षय. महिना कुठला, हाही करारच. वद्य पक्ष आपण मागच्या पौर्णिमेच्या महिन्यात धरतो, उत्तर हिंदुस्थान पुढच्या महिन्यात धरतो. म्हणून शिवनेरीवर जी फाल्गुन वद्य तृतीया ती काशीत चैत्र कृष्ण तृतीया. आग्र्याच्या एखाद्या कागदातली ‘फाल्गुन वदी ३’ वाचून कुणी ती आपली तृतीया समजला तर तो अख्ख्या महिन्यानं चुकला. अधिक महिन्याचं तर विचारूच नका. टिळक पंचांगाचा अधिक इतरांपेक्षा वेगळ्या जागी पडला की एकाच गल्लीत दोन घरचे गणपती महिन्याच्या फरकानं बसतात. आभाळ एकच आहे, चंद्र एकच आहे, आणि तरी हे होतं.

यात तिथीचा कमीपणा नाही. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेची पालखी निघते, कोकणपट्टीतून कोळी-आगरी मंडळी पायऱ्यांवर मुंगीला वाट देणार नाहीत अशी दाटतात, तिथं कुणी १ मार्चचा हिशेब सांगू लागला तर त्याला खुशाल खाली ढकलावा. सण तिथीचाच. जयंतीही तिथीनं करावी असं कुणाला वाटत असेल तर माझा पाठिंबा आहे. आक्षेप एवढाच की ‘तिथी म्हणजेच खरा दिवस’ हे म्हणणं खोटं आहे. तिथी हे दिवसाचं एक नाव आहे. १९ फेब्रुवारी, १ मार्च, रजब, सुहूर ही बाकीची नावं. नावावरून भांडण्याआधी माणूस कोण ते ठरवावं लागतं.

दिवस कोण ते ठरवणारी रीत सोपी आहे आणि फार जुनी आहे. एक दिवस ठरवायचा, तिथून पुढं मोजत सुटायचं. महिना नाही, वर्ष नाही, अधिक नाही, क्षय नाही, राजा बदलला तरी पुन्हा एकपासून सुरुवात नाही. आपल्या सिद्धांतग्रंथांत याला अहर्गण म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी तो कलियुगाच्या आरंभापासून, इ.स.पू. ३१०२ च्या १८ फेब्रुवारीपासून (ज्युलियन), मोजतात. आर्यभटानं एका महायुगात १,५७,७९,१७,५०० दिवस धरले ते काही भाविकपणानं नव्हे. ग्रह कुठं आहे ते काढायचं तर गेलेले दिवस किती ते आधी लागतं. चैत्र-वैशाख सांगून गुरू सापडत नाही.

म्हणून ही मोजणी ‘पाश्चात्त्यांची’ हा शेरा ऐकला की हसू येतं. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ लिहिलं. कलियुगापासूनचा अहर्गण तोवर सात अंकी झाला होता आणि पाटीवर गुणाकार करणाऱ्याचा जीव जात होता. गणेश दैवज्ञांनी अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली, एका चक्राचे ४०१६ दिवस, आणि शिल्लक राहील तेवढाच अहर्गण हातात ठेवला. आकडा कधी चार हजारांच्या फार वर जात नाही. १९५७ साली पहिला स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या खगोलशास्त्रज्ञांना हीच अडचण आली, संगणकाच्या स्मृतीत एवढा मोठा आकडा मावेना. त्यांनी ज्युलियन दिवसांकातून २४,००,०००.५ वजा केले आणि १७ नोव्हेंबर १८५८ पासून नवी मोजणी सुरू केली. युक्ती तीच. पंचांग करणारे जोशीबुवा आणि उपग्रहामागं लागलेला इंजिनिअर एका कामाला लागले की एकाच उपायाशी येतात.

अर्थात ‘सगळं आमच्याकडेच होतं’ म्हणणाऱ्यांनीही छाती फुगवू नये. मध्य अमेरिकेतले माया लोकही असेच सलग दिवस मोजत होते, आणि रूढ जुळणी मानली तर त्यांचा आरंभदिवस आपल्या कलियुगाच्या आरंभापासून जेमतेम साडेअकरा वर्षं दूर पडतो. युरोपात जोसेफ स्कॅलिजरनं १५८३ मध्ये २८, १९ आणि १५ वर्षांची तीन चक्रं गुणून ७९८० वर्षांचा एक मोठा काळ बांधला, त्याचा आरंभ इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीला येतो, आणि जॉन हर्शेलनं १८४९ मध्ये त्या आरंभापासून दिवस मोजण्याची रीत खगोलशास्त्रात रुजवली. हाच ज्युलियन दिवसांक. ज्युलियन कॅलेंडरशी याचं नाव जुळतं, काम जुळत नाही. या नामसाधर्म्यानं अनेकांना फसवलं आहे. त्यात एक खोडही आहे. हा दिवस ग्रिनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे लोणावळ्यात संध्याकाळी साडेपाचला. युरोपातल्या दुर्बिणवाल्याला रात्रीत तारीख बदलायला नको होती, त्याची सोय झाली, आपली नाही. इतिहासाच्या कामात तेवढ्यासाठी अडत नाही. अख्ख्या दिवसाला एक पूर्णांक द्यायचा आणि सूर्योदयापासूनचा तो दिवस धरायचा.

तर शिवनेरीवरच्या त्या दिवसाचा आकडा आहे २३,१६,४६५. याला सातानं भागा. बाकी चार उरते. बाकी शून्य म्हणजे सोमवार, एक म्हणजे मंगळवार, असं धरत गेलं की चार म्हणजे शुक्रवार. जेधे शकावलीशी जुळलं. पोप, पार्लमेंट, सुहूर सन, कुणालाही मध्ये न घेता जुळलं. वार हा सामान्य माणसाच्या हातातला अहर्गणच आहे. १५८२ मध्ये दहा आणि इंग्लंडात १७५२ मध्ये अकरा तारखा गाळल्या गेल्या, पण वारांची माळ तुटली नाही. बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर आला गुरुवार, फक्त १४ तारखेचा. म्हणून जुन्या कागदावर तिथीबरोबर वार लिहिलेला असला की अभ्यासकाचा जीव भांड्यात पडतो.

पुढं बघा. राज्याभिषेक २३,३२,६४३, शनिवार. महाराजांचं निधन, शके १६०२ ची चैत्र पौर्णिमा, २३,३४,७७१, तोही शनिवार. वजाबाकी करा. जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत १६,१७८ दिवस, निधनापर्यंत १८,३०६. आता एखादा उत्साही सुधारक जन्मतारीख १ मार्च करतो आणि निधनाची ३ एप्रिल १६८० तशीच ठेवतो, कारण ती जुन्या पद्धतीची आहे हे त्याच्या गावीच नसतं. महाराजांच्या आयुष्यातले दहा दिवस त्यानं गिळले. आकडा लिहिला असता तर गिळता आले नसते.

‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना मी कार्ल्याच्या लेण्यांत नेईन. एकवीरेच्या देवळासमोरच्या त्या लेण्यांत एक लेख आहे. अबुलामा इथं राहणारा हरफरण, सेतफरणाचा मुलगा, नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक भिक्षूंना दान देतो. लेखाला तारीख आहे, आणि ती अगदी नेमकी आहे : वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं चोविसावं वर्ष, हेमंताचा तिसरा पक्ष, दुसरा दिवस. त्या काळी वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष. सातवाहनांच्या कारकुनानं हयगय केली नाही, शब्दांतही लिहिलं आणि अंकांतही. आता सांगा हा दिवस कुठला? नाही सांगता येत. पुळुमावी गादीवर नक्की कधी बसला याबद्दल अभ्यासकांच्या अंदाजांत दशकांचं अंतर आहे. राजाचं वर्ष राजाबरोबर संपलं, पुढच्या राजानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं, आणि मधली कडी हरवली. पक्ष ठाऊक, पक्षातला दिवस ठाऊक, शतकाचा तिसरा हिस्सा इकडे की तिकडे ते ठाऊक नाही. दगड टिकला, अक्षरं टिकली, दानाचा दिवस हरवला. शेजारी भाज्याला, बेडशालाही लेख आहेत. सलग मोजणीचा एक आकडा कुठं कोरला असता तर सातवाहनांचा अर्धा कालक्रम आज वादात राहिला नसता. सलग मोजणी नसली की काय होतं याचा यापेक्षा धडधडीत पुरावा मावळात दुसरा नाही, आणि ज्यांना तो खेळ वाटतो ते दर वर्षी त्याच्यावरून चालत देवीला जातात.

‘सामान्य माणसाला काय’ या प्रश्नाचं उत्तर लोणावळ्याच्या कुठल्याही चिक्कीच्या दुकानात मिळेल. पाकिटावर खपवण्याची मुदत छापणारा संगणक महिने मोजत नाही. आजच्या दिवसाचा क्रमांक घेतो, मुदतीचे दिवस मिळवतो, आणि आलेला क्रमांक पुन्हा तारखेच्या वेषात छापतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. त्यातही एक चूक आहे, जुन्या लोटस प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवलेली : एक्सेल १९०० साली २९ फेब्रुवारी होती असं मानतं, जी नव्हती. बँकेचं व्याज, रेल्वेचं आरक्षण, पगारातली रजा हे सगळं आज अहर्गणावर चालतं. आपण रोज वापरतो, फक्त इतिहासाच्या पुस्तकात तो आला की नाक मुरडतो.

आता सलग मोजणीच्या भक्तांनाही दोन शब्द, कारण उद्या तेही व्यासपीठावर चढतील. आकडा काय करू शकत नाही ते आधी समजून घ्या. शिवजन्माचा जुना मानला गेलेला दिवस, शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, ६ एप्रिल १६२७ जुनी, याचा आकडा २३,१५,४१५. दोन दिवसांत अंतर बरोबर १०५० दिवसांचं, म्हणजे नेमके दीडशे आठवडे. दोन्ही शुक्रवार! नुसत्या शुक्रवारावरून वाद मिटला नसता. मिटला तो कागदांमुळे : जेधे शकावली, तिच्यातलं हस्त नक्षत्र, जे वैशाखाच्या द्वितीयेला असूच शकत नाही, आणि ‘शिवभारत’. आकडा साक्षीदार नाही. साक्षीदार एकाच दिवसाबद्दल बोलताहेत का, एवढंच तो तपासतो.

आणि दुसरं, जे लिहिताना मला थोडी धास्ती वाटते. कलियुगाचा पहिला दिवस एक धरून मोजलं तर शिवजन्माचा दिवस बरोबर १७,२८,००० वा येतो. पुराणांत कृतयुगाची वर्षं किती? १७,२८,०००. हे वाचून ज्यांचा हात मोबाइलकडे गेला असेल त्यांनी तो जरा आवरावा. एकीकडे दिवस आहेत, दुसरीकडे वर्षं. पहिला दिवस शून्य धरला, जसं खगोलवाले धरतात, तर आकडा १७,२७,९९९ होतो आणि चमत्कार संपतो. आणि कलियुगाचा आरंभ कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ग्रहांच्या गतीवरून ज्योतिर्विदांनी मागं मोजत काढलेला तो दिवस आहे. लाखो दिवस आणि डझनभर युगसंख्या हाताशी असल्या की काहीतरी कशाशी तरी जुळतंच. महाराजांना मोठं ठरवायला असल्या जुळण्यांची गरज लागत असेल तर ती गरज आपली आहे, महाराजांची नव्हे.

मग करायचं काय? सुट्टी १९ फेब्रुवारीची राहू द्या, ज्योत दोनदा पळू द्या. पण पुस्तकात, फलकावर, शाळेच्या फळ्यावर १७५२ पूर्वीची इंग्रजी तारीख लिहिताना जुनी की नवी ते लिहिलंच पाहिजे. हा आग्रह फाजील वाटत असेल तर वसई आठवा. १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांपुढं शरणागतीच्या तहावर सही केली ती त्यांच्या १६ मेला, आणि मुंबईच्या इंग्रजाच्या दप्तरात तोच दिवस ५ मेचा, कारण तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. ही दोन दप्तरं एकत्र वाचणारा विद्यार्थी, खूण नसेल तर, तहानंतर लढाई झाली असं बिनदिक्कत लिहून मोकळा होईल.

आपल्या दाराशी याहून सोपं काम आहे. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टुर फाकडा, मराठ्यांच्या माऱ्यात पडला; वडगावला त्याची समाधी आहे आणि त्याच महिन्यात तिथंच इंग्रजांनी तहावर सही केली. तोवर इंग्लंडनं कॅलेंडर बदललं होतं, म्हणून इथं जुन्या-नव्याची भानगड नाही. मराठी कागदांत तोच दिवस शके १७०० च्या पौष वद्यातला आणि सुहूर सन ११७९ मधला. वडगावला, लोहगडावर, कार्ल्याला नवे माहितीफलक लावणाऱ्या ग्रामपंचायतींना, मंडळांना आणि दुर्गप्रेमींना माझी एकच विनंती आहे : तिथी लिहा, तारीख लिहा, पद्धत लिहा, वार लिहा, आणि खाली एका ओळीत दिवसांक लिहा. स्टुअर्टच्या दिवसाचा तो आहे २३,७०,८३०. सातानं भागून बाकी शून्य उरते, सोमवार येतो ना ते घरी तपासून पाहा.